तेरा दिवस, खाडा नाही

“पाय लावू नको,” आण्णा म्हणाले. “माल हाय त्यो.”

मी पायानंच दांडा भिंतीकडं सरकवत होतो. तो दांडा आणि त्याच्या प्लेटा मी आणि इर्शादनं भंगाराच्या हातगाड्यावरनं आत्ताच आमच्या मागच्या अंगणात उतरवलेल्या. घाम डोळ्यात जाऊन झोंबत होता. त्यात हे.

“माल कसला आण्णा? लोखंड आहे. व्यायामाचं.”

“लोखंड असू दे न्हाईतर साखर. जे उचलायचं तेला पाय लावत न्हाईत.”

आण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल. नाव रावसाहेब. नाव रावसाहेब आणि काम पोती वाहायचं, यावरनं शाळेत पोरं चेष्टा करायची आणि मी त्यांची तोंडं फोडायचो. शाळा सुटली ती अशाच एका भांडणात. नववीत. सर म्हणाले, वडलांना घेऊन ये. मी घरी सांगितलंच नाही, आणि परत गेलोच नाही. घरी कळलं तेव्हा पंधरा दिवस झालेले आणि मी इर्शादच्या वडलांच्या भंगाराच्या दुकानात तांबं-पितळ वेगळं करायला लागलेलो.

त्या दुकानात एका बंद पडलेल्या जिमचं सगळं लोखंड आलं. मी दोन महिने जे काम केलं त्याच्या बदल्यात हा सेट मागून घेतला. सोळा वर्षांचा होतो. मला वाटायचं अंग केलं की झालं, मग कुणी आपल्याला काही बोलणार नाही. कुठल्यातरी जिममधे सर म्हणून उभा राहीन. टाइट टी-शर्ट घालून.

आण्णा उकिडवे बसले आणि एकेक प्लेट हातात घेऊन नुसती तोलून बघायला लागले.

“ही धा. ही पण धा. ही पाच. हिच्यावर वीस लिवलंय व्हय? एकोणीस भरंल. कड गेलीय हिची.”

इर्शादनं माझ्याकडं बघितलं. ती प्लेट आमच्या काट्यावर खरंच एकोणीस भरलेली.

“मामा, तुमी काटाच की,” इर्शाद म्हणाला. तो अकरावी सायन्सला. माझ्यापेक्षा शहाणा, आणि ते त्याला माहीत असायचं. त्यानं फोन काढला. “पज्या, आता यातला कुठला करायचा ते ठरव आधी. दोन काढून ठेवलेत मी. पहिला नवशिक्यांचा. आठवड्यातनं तीनच दिवस. एक दिवस आड. आणि सुरुवात नुसत्या दांड्यानं.”

“नुसत्या म्हणजे?”

“प्लेट लावायची नाही. दोन आठवडे नुसतं वाकायचं कसं, उचलायचं कसं ते शिकायचं म्हणतोय. मग अडीच-अडीच किलोनं वाढवायचं.”

“नुसता दांडा म्हातारी पण उचलंल की लगा. दुसरा सांग.”

“दुसरा सहा दिवस. हा बघ फोटो.”

फोटोतल्या माणसाला मानच नव्हती. डोकं डायरेक्ट खांद्यावर ठेवलेलं.

“हा. हाच.”

“पज्या, वर लिहिलंय की ज्यांनी एक वर्ष आधी...”

“वर लिहिलेलं कोण वाचतंय?”

आण्णा प्लेट खाली ठेवून आमच्याकडं बघत होते. त्यांना वाचायला येत नाही. सही येते, ती पण नुसती ‘रा’ आणि एक वळण. लिहिलेलं काय असलं की ते असं मान वाकडी करून ऐकतात.

“ते एक दिवस आड म्हंजे काय? मधी खाडा?”

“हां मामा. विश्रांती. त्या दिवशीच अंग तयार होतंय म्हणे.”

आण्णा हसले. “खाडा करून अंग तयार होतंय? मग आमच्या टोळीतला भिमा हिंदकेसरी व्हायला पायजे हुता.” आत भाकरी थापत असलेली आई पण हसली. यार्डात खाडा म्हणजे गैरहजेरी. आण्णांचा खाडा मी बघितलेला नाही. ताप असला तरी टोपी घालून जायचे.

“आणि एवढं अंग तयार करून करणार काय ह्यो?” ते इर्शादला म्हणाले. “अठरा पूर्ण झालं की माझा बिल्ला घेऊन यावं यार्डात. तिथं व्यायामच हाय. शाळेनं तर टाकलं, यार्ड तरी घेतंय का बगू.”

बिल्ला म्हणजे हमालीचा परवाना, बापामागं पोराला मिळतो. ते चेष्टेतच म्हणाले. आता कळतं. पण इर्शाद हसला, आणि मला कुणी हसलं की कानामागं काहीतरी तापायचं.

“तुमचा बिल्ला?” मी म्हटलं. “तुम्ही तरी उचलताय का पोतं आता?”

“म्हंजे?”

“म्हणजे तुमचा शर्ट. दोन महिने बघतोय मी. हळदीचा सीझन चालू आहे आणि तुमच्या पाठीला हळद नाही. खांद्याला नाही, मानेला नाही. बोटं बघा तुमची. सगळी सुतळीनं कापलीत. दाभण घेऊन पोत्यांची तोंडं शिवताय तुम्ही. बायकांसोबत बसून.”

आतला भाकरी थापायचा आवाज बंद झाला.

हमालाचा शर्ट पाठीकडनं पिवळा होतो. कितीही धुतला तरी मानेखाली एक पट्टा राहतोच. तो पट्टा फिका होत चाललाय हे आईला पण कळलं नव्हतं, आणि कपडे ती धुवायची. मला कळलेलं. माझं डोकं शाळेत चाललं नाही, पण डोळे चालतात. ते गप ठेवायचे कधी एवढंच मला येत नाही.

आण्णा मारतील म्हणून मी तयार उभा होतो. ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. आणि आत न जाता बाहेरच्या बाहेर निघून गेले.

इर्शाद म्हणाला, “काय गरज होती लगा?”

“तू हस की अजून,” मी म्हटलं.

---

चार दिवस घरात कुणी कुणाशी नीट बोलत नव्हतं.

मी तो सहा दिवसांचा प्रोग्राम चालू केला. पहिल्या दिवशी लई भारी वाटलं. दुसऱ्या दिवशी हात वर जाईनात, केस विंचरायला मान खाली घालायला लागली. तिसऱ्या दिवशी संडासला बसता येईना. चौथ्या दिवशी मी गुपचूप पहिला प्रोग्राम काढला. नवशिक्यांचा. वर लिहिलेलं सगळं वाचलं, मग नुसता दांडा घेऊन मागच्या दारी उभा राहिलो. पाठ सरळ, दांडा पायाला चिकटून, कंबरेतनं मागं. अवघडल्यासारखं वाटायचं, पण दुखायचं नाही. इर्शादला मी हे सांगितलं नाही. कुणालाच नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी तोंड धूत होतो. आण्णा यार्डाचे कपडे घालून मागं आले. टोपी हातात.

“प्रज्वल.”

ते मला पज्या म्हणायचे. पूर्ण नाव घेतलं म्हणजे काम होतं.

“ते तुमचं कागदावरचं हाय न्हवं... व्यायामाचं. तेच्यातनं मला पण एक निवडून दे.”

मी चूळ भरतच राहिलो.

“जानेवारीत गाडीतनं माल उतरवताना कंबर धरली,” ते म्हणाले. “तवापासनं पोतं घेतलं की डावा पाय कापतोय. बाळू मुकादम म्हणाला, शिवायला बस काय दिस. आता म्हणतोय, पुढच्या अमावस्येपतोर बगतो. पोतं घेतलंस तर टोळीत, न्हाईतर बिल्ला जमा कर.” थोडं थांबून म्हणाले, “दोनच वर्स काढायची हायत. मग तुजं तू बगशील.”

दोन वर्षं. म्हणजे मी अठराचा होईपर्यंत. म्हणजे बिल्ला माझ्या गळ्यात घालेपर्यंत. मी असा हिशोब केला. दुसरा होऊ शकतो हे डोक्यातच आलं नाही.

मी विज्ञानाच्या जुन्या वहीतलं पान फाडलं आणि पायरीवर बसलो. शाळा सोडल्यापासनं पहिल्यांदा पेन धरत होतो. आण्णा माझ्यासमोर उकिडवे बसले. अक्षरं वाचता येत नव्हती तरी पेनाकडं बघत होते.

आता मी जे लिहिलं ते सांगतो.

त्या पहिल्या प्रोग्रामात सगळ्यात वर लिहिलेलं की कंबरेचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरला दाखवा. मी ते लिहिलं नाही. लिहिलेलं की कितीही ताकद असली तरी सुरुवात नुसत्या दांड्यानं. मी लिहिलं, चाळीस किलोपासून. लिहिलेलं एक दिवस आड. मी लिहिलं, रोज. लिहिलेलं अडीच किलोनं वाढवा, मी पाच लिहिलं. आणि खाली मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून: खाडा नाही.

“काय लिवलंस वाच,” ते म्हणाले. मी वाचून दाखवलं. खाडा नाही म्हटल्यावर ते खूश झाले.

“हे बराबर हाय. मी म्हटलंच हुतं त्या इर्शादला.”

मला त्यांना काही करायचं नव्हतं. हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलंय. मला एवढंच बघायचं होतं की माझ्या समोर त्यांनी दांडा धरलाय आणि तो उठत नाहीय. एकदा. मग ते मला शाळेवरनं बोलणार नाहीत, बिल्ल्याचं नाव काढणार नाहीत. दोन-चार दिवसांत कंबर दुखली की सोडून देतील. दुखलं की माणूस सोडतोच, असं मला वाटायचं. मी नाही का सोडला?

“आणि हे जमिनीवरनंच उचलायचं?” त्यांनी विचारलं.

“हां.”

“मग हात कोण देणार?”

यार्डात पोतं जमिनीवरनं एकटा हमाल कधी उचलत नाही. दोघं दोन टोकं धरून वर करतात, तिसरा वाकून पाठ देतो. पाठीवर नीट बसलं की तो म्हणतो, ‘झालं.’ त्यानं ‘झालं’ म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. सोडला तर त्या माणसाला टोळीत कुणी पाणी विचारत नाही. पंचवीस वर्षांत आण्णांच्या पाठीवर आलेलं प्रत्येक पोतं कुणीतरी दिलेलं होतं. वाहून नेण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता, पण जमिनीवरनं एकट्यानं उचलायचं त्यांच्या कंबरेला माहीतच नव्हतं. हे मला कळत होतं का? कळत होतं. लहानपणापासनं डबा घेऊन यार्डात जायचो, रोज बघायचो.

“यात हात देत नाहीत,” मी म्हटलं. “एकट्यानंच उचलायचं असतं.”

“बरं,” ते म्हणाले. पानाची चार पदरी घडी केली. गळ्यात बिल्ला असायचा त्याच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात मागच्या बाजूला सरकवली.

---

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाळीस उचलले. उचलायच्या आधी वाकून दांड्याला हात लावून कपाळाला लावला. मग मोजायला लागले.

“लाभ. दोन. तीन. च्यार. पाच.”

यार्डात माल मोजताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आई दारात पदर तोंडाला लावून हसत होती. “लाभ म्हणं. कुणाला इकायचं हाय लोखंड?”

“तू गप. लेकानं लिवून दिलंय.”

मी बघितलं, त्यांची पाठ कमानीसारखी वाकत होती. पोतं घ्यायला वाकतात तशीच. दांडा पायापासनं लांब. सगळा भार कंबरेवर. मी पायरीवर बसून बघत राहिलो.

पंचेचाळीस. पन्नास. पंचावन्न. दोन-चार दिवसांत सोडतील म्हटलेलं, आठवडा झाला. रोज सकाळी मी उठायच्या आधी ते मागं उभे. प्लेट लावताना मला विचारायचे, “आज किती?” मी सांगायचो. मग संध्याकाळी मी, एक दिवस आड, त्याच दांड्याच्या सगळ्या प्लेटा काढून ठेवायचो आणि माझा रिकामा दांडा उचलायचो. ते बघायचे. त्यांना वाटायचं मी आळशी आहे.

“नुसताच दांडा?” एकदा म्हणाले.

“माझं वेगळं आहे.”

“असू दे. तू निवडलंस म्हंजे बगूनच निवडलं असशील.”

आणि खरं सांगू का, त्या दिवसांत घर बरं झालेलं. आण्णा जेवताना बोलायला लागले. कुठल्या गाडीला कोण चढला, कुणाचं धोतर सुटलं. मला म्हणाले, “यार्डात दाखवला तुजा कागद. भिमा म्हणतोय, मला पण लिवून दे. मी म्हटलं, रांगेत या.” मला हसू आलं. त्यांनी पण बघितलं मी हसलो ते.

अकराव्या दिवशी नव्वद झाले. त्यांनी दांडा ठेवला आणि भिंतीला हात टेकून उभे राहिले, बराच वेळ. डावा पाय जमिनीवर टेकत नव्हता, नुसता ठेवलेला. मी उठलो.

“आण्णा, उद्या राहू द्या.”

“का?”

तिथं सांगायचं होतं. कागद चुकीचा आहे. मी चुकीचा लिहिलाय. एवढं एक वाक्य. तोंडात आलेलं. पण मग त्यांनी विचारलं असतं, का? आणि त्याचं उत्तर माझ्याकडं होतं, तेच अवघड होतं.

“नाही, उगंच. दमला असाल.”

“खाडा न्हाई,” ते म्हणाले आणि गळ्यातल्या पाकिटावर थाप मारली. “हितं लिवलंय.”

---

तेरावा दिवस बुधवार होता. बुधवारी यार्डात हळदीचा सौदा. त्या दिवशी पोतं घ्यायचं, असं त्यांनी मुकादमाला सांगून ठेवलेलं.

प्लेटा लावल्या. शंभर व्हायला पाहिजे होते. त्यांनीच बोट दाखवलं. “ही कड गेल्याली हाय. नव्व्याण्णव भरत्याल. पण क्विंटलच धरू.”

मग वाकले, दांड्याला हात लावून कपाळाला लावला, आणि तसेच थांबले.

“पज्या.”

“काय?”

“जरा हात दे की. नुसता उठूस्तोवर.”

मी पायरीवर होतो, फोन बघत. दोन पावलं होती मधे. दोनच.

“यात हात देत नाहीत आण्णा. सांगितलंय की.”

वर बघितलं पण नाही मी. आवाजानं कळलं उचललं ते. श्वास आत गेला.

“लाभ.”

दांडा खाली टेकला. परत श्वास.

“दोन.”

मग तिसरा आकडा आलाच नाही. मी वर बघितलं. आण्णा अर्ध्यात उभे. दांडा गुडघ्याच्या जरा वर. तोंड पांढरं, जबडा घट्ट मिटलेला. कंबरेत काय झालं ते त्यांना कळलेलं. डावा पाय आत वळत चाललेला.

“टाका!” मी ओरडलो. “आण्णा, टाका खाली! सोडून द्या!”

त्यांनी टाकला नाही. तो दांडा त्यांनी ठेवला. सावकाश, दोन्ही प्लेटा एकदम टेकतील असा, पोतं थप्पीला लावतात तसा. खालच्या शहाबादी फरशीला टवका पण उडाला नाही. मग ते त्याच्यावरच ओणवे झाले, आणि तिथनं सरळ झाले नाहीत.

मी आणि आईनं त्यांना दाराच्या फळीवर घालून इर्शादच्या वडलांच्या टेम्पोत चढवलं. चढवताना आण्णा डोळे मिटून होते. फळी टेम्पोत नीट बसल्यावर म्हणाले, “झालं.” मला वाटलं मला म्हणतायत. सवयीनं म्हणाले.

डॉक्टरनी मणक्यातली गादी सरकलीय म्हणून सांगितलं. नस दाबली गेलीय. ऑपरेशन झालं. चार महिन्यांनी आण्णा उठून बसले. डावा पाय मात्र गेला तो गेलाच. घोट्यापासनं लोंबतो, चालताना फरपटतो. डॉक्टरनी विचारलेलं, कुणी सांगितलं हे उचलायला? आई काही बोलायच्या आत आण्णाच म्हणाले, “माज्या मनानं उचललं.”

मी शेजारीच उभा होतो.

---

आता मी एकोणीसचा आहे. गेल्या वर्षी अठरा पूर्ण झाले आणि यार्डात गेलो. जिमचा सर झालो नाही. दुसरं काय करणार होतो? घरात कुणीतरी उचलायला पाहिजेच होतं.

सुरुवातीला नुसताच हाताखाली होतो. बिल्ला मिळाला तो गेल्या महिन्यात. आम्ही ज्या अडत दुकानात माल उतरवतो तिथले कुलकर्णी दिवाणजी टोळीचे कागद लिहून देतात. त्यांच्याकडं सही करायला गेलो. त्यांनी आण्णांचंच प्लॅस्टिकचं पाकीट माझ्यासमोर ठेवलं. बिल्ला जमा केला तेव्हापासनं तिथं ड्रॉवरमधे पडून होतं.

“यात मागं एक कागद आहे,” ते म्हणाले. “तुझ्याच अक्षरातला असावा.”

चार घडीचं पान. घडीवर हळद बसलेली.

“रावसाहेबांनी हा मला वाचायला लावलेला. मी म्हटलं, अहो, रोज रोज कसं करताय? माझा मुलगा करतो, एक दिवस आड असतं ते. आणि तुमच्या कंबरेला हे चालणार नाही. कुणाला तरी विचारा.”

“मग?” मी विचारलं.

“म्हणाले, माझ्या पोरानं बघून लिहिलंय. आणि कागद ओढून घेतला माझ्या हातातनं.” दिवाणजींनी चष्मा पुसला. “दुसरा कागद पण त्याच दिवशीचा. तो माझ्याकडनं लिहून घेतला. तो तुला माहीत असेल.”

“कुठला?”

“वारस म्हणून तुझं नाव होतं ना बिल्ल्याला. ते काढून टाका म्हणून अर्ज. मी म्हटलं, अहो कशाला? राहू दे नाव. तर म्हणाले, नको, नाव असलं की पोरगं शेवटी हितंच येतंय. दोन वर्षं मी ओढतो, तोवर त्याचं तो बघंल काय ते. हुशार आहे म्हणाले. नजर चांगली आहे. पुढं ते पडले, आणि तुझी आई रडत आली, म्हणून तो अर्ज मी पुढं पाठवलाच नाही.”

मी सही केली. माझं पूर्ण नाव येतं मला.

---

संध्याकाळी घरी गेलो. आण्णा मागच्या दारात पायरीवर बसलेले. तो दांडा अजून आहे. दोन भिंतींत अडकवून आई त्याच्यावर कपडे वाळत घालते. प्लेटा इर्शाद परत घेऊन गेला.

“वळ बगू,” आण्णा म्हणाले. मी वळलो. त्यांनी माझ्या शर्टाच्या पाठीवरनं बोट फिरवलं आणि बोट बघितलं. “चांगली भरलीय आज.”

मी त्यांच्या शेजारी बसलो. फोन काढला. तो प्रोग्राम शोधायला वेळ लागला नाही, तिथंच होता. मी म्हटलं, “आण्णा, वाचतो. ऐका.”

“काय हाय?”

“ऐका तर.”

वरनं वाचलं. वर लिहिलेलं सगळं. कंबर दुखत असेल तर. नुसता दांडा. दोन आठवडे फक्त शिकणं. एक दिवस आड. ते मान वाकडी करून ऐकत होते, तेव्हासारखंच. मी मधे थांबलो की म्हणायचे, “वाच की फुडं.” मी वाचत राहिलो. त्यांच्याकडं बघत नव्हतो. शेवटी एक ओळ होती, ती माझी तेव्हा वाचून पण लिहायची राहिलेली. तोल गेला किंवा कंबरेत काही जाणवलं तर दांडा सोडून द्या. खाली पडू द्या. लोखंडाला काही होत नाही.

वाचून झालं. आत आई भाकरी थापत होती.

“आण्णा, हे मला तेव्हा माहीत होतं,” मी म्हटलं. “मी मुद्दाम वेगळं लिहिलं.”

ते समोर त्या फरशीकडं बघत होते. मग म्हणाले, “ते शेवटचं काय म्हणालास? सोडून द्या?”

“हां. पडू द्या म्हणतोय.”

“हॅत्.” ते हसले, नाकातनं. “ते लिवलं असतंस तरी मी काय टाकला नसता. माल टाकतंय व्हय कोण?”

ते खरंच होतं, का मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, मला अजून कळलेलं नाही. बाकीच्या ओळींबद्दल ते काहीच बोलले नाहीत. त्या दिवशी पण नाही, नंतर पण नाही.

“हात दे,” ते म्हणाले. “आत जाऊ. भाकरी निवंल.”

मी उठलो, वाकलो, त्यांच्या काखेत हात घातला. डावा पाय आधी सरळ करावा लागतो, मग उजव्यावर भार. ते उभे राहिले. भिंतीला हात टेकला.

“झालं,” म्हणाले.

मी हात सोडला नाही.